काचेवरचं आभाळ

ही गोष्ट खरी आहे.

हसू नका. मी गणूमास्तर, मुक्काम नाते, तालुका महाड. सावित्रीतल्या मगरीनं माझी हरवलेली छत्री तोंडात धरून घरपोच केली, ही गोष्ट मी पंचक्रोशीत वीस वर्षं सांगत आलो. ती थाप होती. कबूल. मगर छत्री आणून देत नाही. फार तर माणूस घेऊन जाते.

पण आज लिहितोय ती थाप नाही. आणि आधीच सांगून ठेवतो, मी बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस. भूतपिशाच्च आमच्यात मानत नाहीत. मीही मानत नाही.

म्हणून तर झोप लागत नाही.

अशा गोष्टीला तुम्हाला रात्र लागते. काळोख, टिटवी, कुत्र्याचं रडणं. माझ्याकडे यातलं काही नाही. वार गुरुवार, तारीख १४ डिसेंबर २०२३. वेळ... बाराला पंधरा मिनिटं कमी. भर दिवसाची. निळं स्वच्छ आभाळ आणि डोळे दिपतील असं ऊन. जागा पोलादपूरच्या पुढे, घाट चढायच्या आधीचं खडपकोंडाचं वळण.

तिथं जे झालं ते माझ्या सख्ख्या भाच्यानं पाहिलं. अश्वजित त्याचं नाव. माझी बहीण सुंदराबाई, तिचा एकुलता एक.

आता त्याच्याबरोबर चला.

अश्वजित रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांचं काम करायचा. मुरारीशेठ म्हणून ठेकेदार, त्यांच्याकडे नोकरीला. खांब उभा करा, कॅमेरा चढवा, केबिनमध्ये बसून चित्र नीट येतंय का बघा. बत्तीस वर्षांचा, अबोल, हुशार पोरगा.

त्या ऑक्टोबरात खडपकोंडाच्या वळणावर एक नवीन जातीचा कॅमेरा चाचणीसाठी लावला होता.

समोरून येणाऱ्या गाडीच्या काचेकडे तुम्ही कधी बघितलंय? आतला माणूस दिसत नाही. दिसतं ते आभाळ. साध्या कॅमेऱ्याचंही तेच होतं. नवीन कॅमेरा तसा नव्हता. अश्वजितनं मला समजावलं ते असं. काचेवरून उसळून येणारा उजेड आडवा होऊन येतो. कॅमेऱ्याच्या डोळ्यावर बारीक चाळणी बसवायची, उभ्या गजांची. खिडकीच्या उभ्या गजांतून आडवी काठी आत जाते का? नाही जात. तसा तो उजेड बाहेरच अडतो. काचेवरचं आभाळ पुसलं जातं आणि आत कोण बसलंय ते दिसतं.

या कॅमेऱ्यात तर अशा चार चाळण्या. एकाच क्षणाचे चार फोटो. उभ्या चाळणीच्या फोटोत चालकाच्या मिशीचा केस न् केस मोजावा. आडवीच्या फोटोत नुसतं पांढरं आभाळ. उरलेले दोन तिरपे, अर्धेमुर्धे.

एवढं लक्षात ठेवा. बाकीचं शास्त्र मलाही कळत नाही.

पहिल्या आठवड्यात मजा होती. कोण गाडी चालवताना वडापाव खातंय, कोण मांडीवर मोबाईल ठेवून रडतंय, कोणाच्या बाजूला कोणाची बायको बसलीय... अश्वजितला सगळं दिसायचं. तो कोणाला सांगायचा नाही. मला सांगायचा, आणि मी कोणाला सांगितलं ते विचारू नका.

त्या वळणावरून रोज धोंडूबाई जायची. वर डोंगरावर धनगरांची वाडी आहे, तिथली. म्हशीच्या दुधाची किटली डोक्यावर, खाली चुंबळ, पाय अनवाणी. पोलादपुरातल्या चहावाल्यांना दूध घालायची. वय साठीचं, जीभ मात्र विशीतली.

"काय रे माकडा, खांबाला फळं लागलीत काय?"

"कॅमेरा हाय, आजी."

"आजी कोनाला म्हनतोस? माझा म्हातारा मला अजून पोरी म्हनतो!"

"तुमचा पण फोटो येतो यात. रोज."

"येतो? मग तोंड नीट येऊ दे माझा. नायतर किटलीचा येईल नि माझा नाय."

आणि हसत पुढे. किटलीच्या झाकणाची कडी वाजत जायची. किण्... किण्... किण्. अश्वजितला केबिनमध्ये बसल्या बसल्या कळायचं, साडेअकरा वाजून गेले.

गुरुवार, बारा ऑक्टोबर. त्या दिवशी अश्वजित महाडच्या ऑफिसात होता.

बाराला पंधरा मिनिटं कमी असताना एक पांढरी गाडी त्या वळणावर आली. नवी कोरी. नंबरची पाटी अजून बसायची होती. धोंडूबाई रस्ता ओलांडत होती.

किटली चाळीस फूट लांब सापडली. दूध वळणाच्या कडेपर्यंत वाहत गेलं होतं.

गाडी थांबली. एक, दोन, तीन, चार सेकंद.

मग निघून गेली.

संध्याकाळी अश्वजितनं ऑफिसात त्या वेळचे फोटो उघडले. आडव्या चाळणीचा उघडला. काचेवर आभाळ. उभ्या चाळणीचा उघडला...

पियुष.

मुरारीशेठचा मुलगा. एका हातात मोबाईल कानाला, आणि तोंडभर हसू.

अश्वजितच्या मानेवर कोणाचा तरी श्वास लागला. मुरारीशेठ मागे उभे होते. किती वेळ, देव जाणे. म्हणजे... मी देव मानत नाही, पण तुम्हाला कळलं.

"पोलीस फोटो मागतील," शेठ शांतपणे म्हणाले. "आडवा दे."

"शेठ, पण..."

"खोटं काय सांगतोय मी तुला? चारातला एक दे. तोही खराच फोटो आहे ना? जानेवारीत तुला कायम करायचं डोक्यात आहे माझ्या. आईला सांग घरी."

अश्वजितनं आडवा फोटो दिला. "साहेब, काच चमकतेय." पोलिसांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी आजवर पाहिलेल्या प्रत्येक कॅमेऱ्यात काच चमकलेलीच होती. एका क्षणाचे चार फोटो असतात, हे त्यांना कोण सांगणार?

बाकीचे तीन त्यानं पुसले नाहीत. पेनड्राइव्हवर ठेवले. "का रे नाही पुसलेस?" मी नंतर विचारलं. म्हणाला, "मामा, हात झाला नाही." पण ते घेऊन कुठं जायलाही त्याचे पाय झाले नाहीत.

आणि मग दर मंगळवारी नाथू यायला लागला.

नाथू, धोंडूबाईचा म्हातारा. वाळक्या लाकडासारखा. डोंगर उतरून यायचा, केबिनच्या दाराशी उकिडवा बसायचा.

"तोंड दिसला काय रे?"

"नाय बाबा. काच चमकते."

"बरा."

थोडा वेळ बसायचा. उठताना विचारायचा, "काच कवा थांबल चमकायची?"

अश्वजित मान खाली घालायचा. नाथू डोंगर चढून जायचा.

असे आठ मंगळवार गेले. नववा आला तो बारा डिसेंबरचा. अवस होती.

त्या दिवशी नाथूनं दार वाजवलं नाही. अश्वजितनं खिडकीतून पाहिलं. म्हातारा खांबाच्या बुडाशी बसला होता. समोर नारळ, तांदूळ, गुलाल, उदबत्ती. खांबाला गुलाल लावला होता.

अश्वजित बाहेर आला. "बाबा, हे काय? इथं देव नाय. कॅमेरा हाय हा."

"ठाव हाय."

"मग गाऱ्हाणं देवळात घाला ना. वाडीवर तुमचा देव हाय..."

"आमचा देव वर बसलाय. त्यानं काय बगितलान नाय." नाथूनं खांबाच्या टोकाकडे बोट केलं. "तिला शेवटचा बगितला तो ह्यानं. मंग मी इचारू कोनाला?"

अश्वजितनंही वर कॅमेऱ्याकडे पाहिलं.

नाथूनं नारळ दोन्ही हातांत धरला. आवाज चढवला नाही. शेजाऱ्याशी बोलावं तसा खांबाशी बोलला.

"ऐक रे खांबावरच्या. ज्यानं माझी बायको मारलान, तो तिला दाव. तिचा ती बघून घेईल. आनि तो तोंड ज्यानं झाकलान... त्याचा तोंड झाक."

नारळ फुटला. पाणी खांबाच्या बुडाशी गेलं.

"कोणी झाकलं असं... कोण म्हणालं तुम्हाला?"

"कोन कशाला म्हनल?" नाथूनं वर पाहिलंसुद्धा नाही. "एवढा ऊन. एवढी मोठी काच. नि मानूस दिसत नाय? कोनीतरी झाकल्याबिगर असा व्हत नाय, पोरा."

'पोरा' म्हणाला तो. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, साडेअकरा वाजता अश्वजित केबिनमध्ये डबा उघडून बसला होता. बाहेर पाखरांचा कलकलाट चालू होता.

तो थांबला.

एकदम. पंखा बंद करावा तसा.

मग लांबून...

किण्... किण्... किण्.

अश्वजितनं खिडकीतून पाहिलं. रस्ता रिकामा. वाऱ्यानं कुठला पत्रा वाजत असेल म्हणून तो परत बसला. समोरच्या पडद्यावर रस्त्याचं चित्र होतं. या कॅमेऱ्याला ओलं नि कोरडं वेगळं ओळखता येतं. ओल्यावरून उजेड वेगळा उसळतो ना. पडद्यावर ओल निळ्या रंगात दिसते.

डिसेंबरातला कोरडा ठणठणीत रस्ता. त्यावर एक निळा डाग...

किटली सांडली होती, बरोबर त्या जागी.

तो बाहेर गेला. डागाच्या जागी हात टेकवला. डांबर तापलेलं, कोरडं. धूळ हाताला लागली.

आत आला. पडद्यावर डाग होताच. आणि डागातून निघून... पावलं. अनवाणी, निळी, ओली. रस्त्याच्या मधोमध आलेली. गाड्या वळणासाठी हळू होतात, तिथं येऊन ती संपली होती.

तेवढ्यात वरून टेम्पो आला. शुभमचा. शुभम हा अश्वजितचा शाळेपासूनचा दोस्त, महाडात अंडी पोचवतो. टेम्पो वळणावर हळू झाला, पुढे गेला. पडद्यावर फोटो उमटला. खाली यंत्रानं आपोआप मोजून आकडा टाकला. व्यक्ती... दोन.

अश्वजितनं उभा फोटो मोठा केला.

शुभम शीळ घालत चालवत होता. त्याच्या बाजूला एक बाई. डोक्यावर चुंबळ. मांडीवर किटली.

तिचं तोंड दिसत नव्हतं, कारण ती कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. पूर्ण वळून बसली होती. शुभमच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर आपला चेहरा आणून ती त्याला बघत होती. दुसऱ्याच्या कळपात शिरलेलं आपलं रेडकू ओळखावं, तशी.

अश्वजितनं फोन लावला. "शुभ्या, गाडीत कोण हाय?"

"कोन असनार? मी नि माझा नशीब."

"बाजूच्या सीटवर?"

"अंडी हायत. सात ट्रे. का रे, आम्लेट पायजे?"

पडद्यावर अंडी नव्हती.

त्यानंतर पाऊण तासात अकरा गाड्या गेल्या. अकराही गाड्यांत ती होती. जीपमध्ये, डॉक्टरीणबाईंच्या छोट्या गाडीत, सिमेंटच्या ट्रकात. प्रत्येक वेळी चालकाच्या तोंडाला तोंड लावून. एकेक चेहरा तपासत. नाही, हा नाही. हाही नाही.

अश्वजितकडे चाळणीची एक सुटी काच होती, चष्म्याच्या भिंगाएवढी. ती घेऊन तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला. यंत्रातच बिघाड असेल, अशी त्याला आशा होती. बाराव्या गाडीकडे आधी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. काचेवर निळं आभाळ, एक ढग. मग भिंग डोळ्याला लावलं आणि बोटांनी हळूहळू फिरवलं...

आभाळ विरत गेलं. ढग गेला.

चुंबळ दिसली.

तो धावत केबिनमध्ये आला, कडी लावली. दुपारी एकच्या पुढे एकाही गाडीत ती नव्हती. पाखरं परत ओरडायला लागली होती.

घरी तो जेवला नाही. आईनं विचारलं तर पित्त झालंय म्हणाला. पेनड्राइव्ह उशाखाली घेऊन पडला. सकाळी पोलिसांकडे जायचं, असं रात्रभर ठरवलं. सकाळी सातला मुरारीशेठचा फोन आला.

"अश्वजित, आज मोठे साहेब येतायत कॅमेरा बघायला. इथं महाडच्या ऑफिसात मोठ्या पडद्यावर दाखवायचंय, लाइव्ह. तू केबिनवर थांब. आणि ऐक, दाखवायला आपलीच गाडी पाठवतोय. काचेतून चेहरा कसा स्वच्छ दिसतो ते कळायला हवं साहेबांना. पियुष चालवेल. पावणेबाराला."

"शेठ... पियुषदादा नको."

"का?"

"दुसरं कोणीही पाठवा. त्याला नको."

"अरे, त्याचा फोटो चांगला येतो," शेठ हसले आणि फोन ठेवला.

तर असा तो गुरुवार उजाडला. निळं आभाळ. ऊन.

साडेअकराला पाखरं थांबली.

किण्... किण्...

अश्वजितनं पडद्याकडे पाहिलं. निळी पावलं रस्त्याच्या मधोमध आली होती. आज ती संपत नव्हती. एकाच जागी उलटसुलट पडत होती. कोणीतरी येरझाऱ्या घालत वाट बघत होतं.

त्यानं मोबाईल हातात घेतला. पियुषचा नंबर काढला.

आणि... लावला नाही.

हे त्यानं मला स्वतः सांगितलं. दोन मिनिटं तो नंबराकडे बघत बसला. मनात एकच गोष्ट फिरत होती, त्या फोटोतलं तोंडभर हसू. "मामा, मला वाटलं, होऊ दे एकदाचं." मग धोंडूबाईची किटली आठवली की स्वतःची भीती, त्यालाही ठाऊक नाही, पण त्यानं फोन लावला.

"हां, बोल अश्व्या. आलोच. फोटो झक्कास काढ."

"दादा, गाडी थांबव. आहे तिथं थांबव!"

"का रे? साहेब बघतायत ना?"

"गाडीत कोण आहे?"

"कोण असणार? एकटाच... ए, ही सीट ओली कशी झाली?"

फोनमध्ये, पियुषच्या आवाजाच्या मागे, अगदी जवळ...

किण्.

पांढरी गाडी वळणावर दिसली. पडद्यावर फोटो उमटला. महाडच्या ऑफिसात मोठ्या पडद्यावरही तोच उमटला. तिथं खुर्च्यांवर पाच माणसं होती, आणि मुरारीशेठ हातात चहाचा कप घेऊन उभे होते.

व्यक्ती दोन.

ती त्याच्या तोंडाला तोंड लावून बघत होती. दुसरा फोटो. अजून बघतेय. तिसरा. ती किंचित मागे सरली. ओळख पटली की माणूस सरतो, तशी.

चौथ्या फोटोत तिनं दोन्ही हात उचलले आणि मागून गुराचे डोळे बांधावेत तसे पियुषच्या तोंडावर ठेवले.

पाचवा फोटो शेवटचा. पियुषचा चेहरा कुठंच नाही, नुसते दोन काळे राबलेले हात. आणि त्या बाईनं पहिल्यांदाच मान वळवली होती. सरळ कॅमेऱ्यात बघत होती.

तोंड अगदी नीट आलं होतं.

गाडी वळली नाही. सरळ गेली. कठडा तोडून खाली, आणि ऐनाच्या झाडाला अडकली.

अश्वजित धावत पोचला तेव्हा इंजिन चालू होतं. पुढची काच फुटली नव्हती, तडासुद्धा नव्हता. पण पलीकडचं काही दिसत नव्हतं. सगळी पांढरी. त्यानं तळहातानं पुसली. पुसेना. मग कळलं... पांढरं आतून होतं.

दार उघडलं तसं दूध बाहेर वाहिलं. ताजं. कोमट.

पियुष जगला. खरचटण्यापलीकडे काही नाही. डॉक्टरांनी डोळे तपासले, मुंबईच्या डॉक्टरांनीही तपासले. डोळे उत्तम आहेत. पण त्याला दिसत नाही. काळोख दिसत नाही, पांढरं दिसतं. रात्रंदिवस, डोळे मिटले तरी. म्हणतो, "काच पुसा कोणीतरी." मुरारीशेठ स्वतः रुमालानं त्याचे डोळे पुसत बसतात.

शुक्रवारी अश्वजित लॅपटॉप पाठीला लावून डोंगर चढला. नाथू गोठ्यात म्हशीपुढे पेंढा टाकत होता.

"बाबा, तोंड दिसलं."

नाथूनं हात झटकले. चौथरीवर बसून फोटोकडे बराच वेळ बघितलं.

"हा... हसतोय रे."

नाथूनं पडद्यावरच्या तोंडावर बोट टेकवलं.

"कवापासनं हाय ह्यो तुझ्याकडं?"

"पहिल्या दिवसापासनं."

म्हैस पेंढा ओढत होती, तेवढाच आवाज.

"मी नऊ मंगळवार आलो," नाथू म्हणाला. "पाय दुखतात माझे."

अश्वजितनं त्याचे पाय धरले. "चुकलं, बाबा. गाऱ्हाणं मागं घ्या. पाया पडतो."

"माझा असता तर घेतला असता. मी नुसता बोललो. ऐकलान तिनं." नाथूनं पाय सोडवून घेतले. "तुजा तोंड हाय ना अजून जाग्यावर? मंग हाय तवर जा. सांगून टाक."

तो धावतच डोंगर उतरला. दुपारी पोलिसांपुढे बसला, पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. हे फोटो कोणी काढले, कोणाकडे होते, का लपवले, याची जबानी व्हिडिओवर घ्यायची होती. उज्वलाताई म्हणून हवालदार आहेत, त्यांनी मोबाईल समोर धरला.

अश्वजितनं सगळं सांगितलं. शेठचं नाव, पियुषचं, स्वतःचं. एक अक्षर गाळलं नाही. दोन महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचा धोंडा हलला.

उज्वलाताईंनी व्हिडिओ लावून बघितला. भिंग रुमालानं पुसलं. परत लावला.

"जरा खिडकीपासून सरका. उजेड येतोय तोंडावर."

तो सरकला. परत रेकॉर्डिंग. परत बघितलं.

"दिवा बंद करा रे तो."

दिवा बंद केला. तिसऱ्यांदा. मग दुसऱ्याचा मोबाईल आणला.

अश्वजितनं शेवटी तो मोबाईल हातात घेऊन स्वतःच पाहिलं. शर्ट त्याचा. आवाज त्याचा. मान, हात, घड्याळ, सगळं त्याचं. आणि कॉलरच्या वर...

पांढरं. लख्ख. उन्हात काच चमकावी तसं.

आज अकरा महिने झाले. प्रकरण कोर्टात आहे. समोरचा वकील विचारतो, हे सांगणारा माणूस कोण? याला चेहरा कुठाय? पोराला आता खरं बोलायचंय, ओरडून बोलायचंय, पण यंत्राला त्याचं तोंड दिसत नाही. आधार कार्डाची ओळख पटत नाही, नवी नोकरी नाही. तो माझ्याकडे नाते गावी असतो, आतल्या खोलीत. समोरासमोर बघाल तर चेहरा आहे, हं. तसाच, आईवर गेलेला. मी रोज बघतो. फोटोत तेवढा नाही.

इथंच मी थांबणार होतो. गोष्ट इथंच संपली असती तर मी ती मगरीच्या छत्रीच्या शेजारी ठेवून दिली असती.

पण नोव्हेंबर लागला. आम्हा पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, की बाबा, मास्तर अजून जिवंत आहे. हल्ली तो मोबाईलवर चेहरा दाखवून होतो. परवा महाडला गेलो. चवदार तळ्याजवळ ऋतिका म्हणून मुलगी हे काम करून देते, माझ्याच विद्यार्थ्याची लेक.

"आजोबा, डोळे मिचकवा."

"मिचकवतोय."

"परत मिचकवा. नाही घेत हो. चेहरा नीट दिसत नाही म्हणतंय." तिनं मोबाईल खाली केला, माझ्याकडे पाहिलं, परत मोबाईलकडे पाहिलं. "कपाळाला काय लावलंय तुम्ही?"

"काही नाही, बाळ."

"मग इथं हे... पांढरं काय आहे?"

मी घरी आलो. दार लावून बसलो आणि विचार केला. मी कोणाचं काय वाकडं केलं? मग कळलं.

तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. अश्वजित हे माझ्या भाच्याचं नाव नाही. सुंदराबाई हे बहिणीचं नाही. मुरारीशेठ आणि पियुष हीसुद्धा मी ठेवलेली नावं. ही हकीकत मी वर्षभर तोंडानं सांगतोय, एसटी थांब्यावर, चहाच्या टपरीवर, आणि दर वेळी नावं बदलून. बहिणीनं पदर पसरला होता माझ्यापुढे. "दादा, माझ्या लेकाचं नाव नको घेऊस." शब्द दिला मी तिला. शेठचं खरं नाव घ्यायला तर मी घाबरतो, उगाच कशाला खोटं बोलू.

म्हणजे मीही झाकलंच की.

बँकेत जाऊन कागदावर सही केली की पेन्शनचं भागतं. त्याची काळजी नाही. आज एकवीस तारीख, गुरुवार. सकाळपासून चार नावं लिहायला कागद घेऊन बसलोय. आतल्या खोलीतून बहिणीचा लेक विचारतोय, "मामा, काय लिहिताय?" पेन पुढे जात नाही.

मघाशी ऋतिकाच्या वडिलांना बोलावून त्यांच्या मोबाईलवर माझा एक फोटो काढायला लावला.

परवा कपाळ होतं.

आज भुवया गेल्या आहेत.